ताशी 91 मैल आणि त्यानंतरची गाडीच्या विम्याची सात रिन्यूअल

2021 चा दसरा शुक्रवारी आला होता, 15 ऑक्टोबरला. ऑफिसचा लॅपटॉप मिटून आम्ही दोन्ही गाड्या धुतल्या, हळदकुंकू वाहिलं आणि इंडियन स्टोअरमधून आणलेले झेंडूचे हार ग्रिलला बांधले. शनिवारी पानगळीचे रंग बघत इथल्या, व्हर्जिनियातल्या नॅचरल ब्रिजला गेलो, तिथेच मुक्काम केला. रविवारी दुपारी आय-81 महामार्गावरून उत्तरेकडे, घरी निघालो होतो. हॅरिसनबर्ग मागे पडलं, मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, रस्ता मोकळा होता. आरशात निळे दिवे दिसले तेव्हा पहिल्यांदा मी काट्याकडे पाहिलं.

मर्यादा 70 मैलांची होती, रडारवर 91 आले होते. आपल्या हिशेबात ताशी 146 किलोमीटर.

पोलिसाने शांतपणे कागद भरला आणि सही करायला सांगितली. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, कोर्टाच्या तारखेला हजर राहण्याचं वचन आहे, हे त्यानेच सांगितलं. मग जाता जाता विचारलं, पुढे ती फुलं कसली बांधली आहेत? बायको म्हणाली, गाडीची पूजा होती, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

मला वाटलं, तिकीट आहे, दोनशे-तीनशे डॉलर जातील. घरी येऊन कागद नीट वाचला, तर त्यावर 'स्पीडिंग' नव्हतं, 'रेकलेस ड्रायव्हिंग' होतं, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा 20 मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, 85 च्या वर गेलात की ते साधं तिकीट राहत नाही. तो क्लास 1 मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा होतो. कायद्याने वर्षभरापर्यंत कैद, 2,500 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत लायसन्स निलंबित, असं सगळं त्यात बसतं. पूर्वी ही रेषा 80 वर होती, जुलै 2020 पासून 85 झाली. मी दोन्ही बाजूंनी अडकलो होतो: मर्यादेच्या 21 वर आणि 85 च्याही वर. त्या रात्री झोप लागली नाही. सांगलीला फोन केला तर बाबा म्हणाले, "अरे, एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे, लोक काय शंभरने जातात का?" आई मागून म्हणाली, "त्याला धीर द्यायचा की नाही?"

आठवडाभरात पत्रपेटी भरून गेली. कोर्टाच्या नोंदी इथे खुल्या असतात, त्यामुळे वकिलांना तुमचं नाव आणि पत्ता लगेच मिळतो. 23 पत्रं मोजली. काहींवर लाल अक्षरांत 'तुरुंग' असा शब्द. सुरुवातीला ती बघून पोटात गोळा यायचा, मग कळलं की ही जाहिरात आहे. त्यातले तीन वकील निवडून फोन केला. ज्याने 'नक्की सोडवतो' असं सांगितलं नाही, त्याला 750 डॉलर दिले. माझा निकष तेवढाच होता: त्या काउंटीच्या कोर्टात तो दर आठवड्याला उभा राहतो का. मला पकडलं ते गाव घरापासून दीड तासावर, तिथल्या न्यायाधीशांची पद्धत आमच्या भागातल्या वकिलाला काय कळणार?

त्याने तीन कामं सांगितली. पहिलं, डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, वेबसाइटवरून स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढ. थोड्या डॉलरांचं काम आहे आणि ते सगळ्यात आधी करावं, कारण माझ्या रेकॉर्डवर मी विसरलेली एक गोष्ट होती. त्याच वर्षी मार्चमध्ये 35 च्या रस्त्यावर 52 ने गेल्याचं तिकीट. ते मी एप्रिलमध्ये ऑनलाइन भरून टाकलं होतं, वीजबिल भरावं तसं. ऑनलाइन भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. वकील फोनवर जरा वेळ गप्प राहिला.

दुसरं, स्पीडोमीटरची तपासणी. काटा कमी दाखवतो असं गॅरेजने लिहून दिलं तर काही न्यायाधीश ते विचारात घेतात. 80 डॉलर देऊन तपासून घेतलं. स्पीडोमीटर अगदी अचूक निघाला. वकील म्हणाला, "हा कागद आपण पाकिटातच ठेवू."

तिसरं, आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लिनिक, म्हणजे नीट गाडी चालवायला शिकवणारा वर्ग, कोर्टाने सांगायच्या आत, स्वखुशीने. दिवाळी झाली आणि 13 नोव्हेंबरला, शनिवारी, मी तो पूर्ण केला. 65 डॉलर. दिवाळीच्या फराळाला मित्रांकडे गेलो होतो तेव्हा याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, लाज वाटत होती. नंतर एकदा एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, त्याचंही झालंय, 2017 मध्ये. मग त्याच्या ओळखीतले आणखी दोघं निघाले. आपल्या लोकांत ग्रीन कार्डची प्रायॉरिटी डेट सगळ्यांना पाठ असते, हे मात्र कोणी बोलत नाही. (आणि हो, व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळं विचारा. ट्रॅफिकचा वकील त्यातला जाणकार नसतो.)

कोर्टाची तारीख 14 डिसेंबर. सकाळी साडेनऊची वेळ होती, साडेसातलाच निघालो आणि वाटेत 70 च्या रस्त्यावर 64 ने गेलो. सगळे मास्क लावून लाकडी बाकांवर बसलेले. माझा नंबर सव्वाअकराला आला आणि सगळं मिळून चार मिनिटं चाललं. वकिलाने 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर आणायची विनंती केली. ते साधं ट्रॅफिकचं कलम आहे, गुन्ह्याची नोंद होत नाही. न्यायाधीशांनी क्लिनिकचा दाखला पाहिला, रेकॉर्ड पाहिलं आणि विचारलं, "मार्चमध्येही तुम्हीच का?" मी हो म्हटलं. दोषी, रेकलेस. कैद नाही, लायसन्सला धक्का नाही, 300 डॉलर दंड आणि कोर्टाचा खर्च धरून 377.

व्हर्जिनियात दहा दिवसांच्या आत वरच्या, सर्किट कोर्टात अपील करता येतं आणि तिथे खटला पहिल्यापासून नव्याने चालतो. वकिलाने त्याचे आणखी 1,000 सांगितले आणि हेही सांगितलं की तिथे शिक्षा वाढूही शकते. आम्ही दोघं तीन रात्री त्यावर बोललो. नाही केलं. चूक केली की बरोबर, ते अजूनही ठरवता येत नाही. विम्यावर काय होणार आहे हे तेव्हा नीट माहीत असतं तर कदाचित केलं असतं.

डिसेंबर-जानेवारीत काहीच झालं नाही. गाडीचा विमा सहा महिन्यांचा, 20 मार्च 2022 ला संपणार होता. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, 738 डॉलर. मला वाटलं हप्ता थोडा वाढेल. 31 जानेवारीला पत्र आलं, जाड कागदावर: 20 मार्चनंतर आम्ही तुमची पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही.

नऊ वर्षं त्याच कंपनीत होतो, एकही क्लेम नव्हता. एजंटला फोन केला. तो गोड बोलला, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, त्यांनी कायद्याप्रमाणे 45 दिवसांची नोटीस दिली, कारण लिहून दिलं आणि खाली दोन ओळी छापल्या होत्या, ज्या मी पहिल्या वाचनात पाहिल्याच नाहीत. एक, या निर्णयाचा फेरविचार स्टेट कॉर्पोरेशन कमिशनच्या ब्युरो ऑफ इन्शुरन्सकडे मागता येतो. दुसरी, कुठेच विमा मिळाला नाही तर 'व्हर्जिनिया ऑटोमोबाइल इन्शुरन्स प्लॅन' आहे. फेरविचार मी मागितला नाही, कारण पत्रातलं कारण खरं होतं. तुमच्या पत्रातलं कारण चुकीचं असेल, दुसऱ्याचा अपघात तुमच्या नावावर पडला असेल, तर जरूर मागा, आणि मुदत पत्रावरच वाचा.

पुढचे दोन आठवडे मी जे केलं ते करू नका. रोज रात्री जेवण झालं की विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर बसायचो आणि कोट, म्हणजे हप्त्याचे आकडे, काढायचो. एका ठिकाणी 890 आला. आनंदाने बायकोला हाक मारली. तिने स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "तू ते गुन्ह्याचं कुठे भरलंस?" मागच्या तीन वर्षांतल्या तिकिटांचा प्रश्न मी घाईत सोडून दिला होता. तसाच पुढे गेलो असतो तर पैसे घेतल्यावर कंपनीने डीएमव्हीकडून रेकॉर्ड मागवलं असतं आणि हप्ता वाढवला असता किंवा पॉलिसीच रद्द केली असती. म्हणजे रेकलेस आणि वर खोटी माहिती. खरं भरल्यावर त्याच वेबसाइटवर 2,090 आले. दुसऱ्या दोन कंपन्यांनी आकडाच दिला नाही, 'या वेळी तुम्हाला कोट देऊ शकत नाही' एवढंच.

'हाय रिस्क' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो फोनवर, एका मुलीच्या आवाजात. ती सहज बोलली, तिचा दिवसातला विसावा फोन असेल. मी कधी क्रेडिट कार्डचा हप्ता चुकवला नाही, सोसायटीचा मेंटेनन्स चुकवला नाही, आणि आता मी हाय रिस्क. त्यानंतर महिनाभर घरात तो विनोद झाला. मी पोह्यात मीठ जास्त टाकलं की मुलगी म्हणायची, "बाबा हाय रिस्क आहे."

शेवटी तोच मित्र, 2017 वाला, म्हणाला, "एकेका कंपनीच्या मागे लागू नकोस, स्वतंत्र एजंटकडे जा." एकाच कंपनीचा एजंट त्याच कंपनीचं विकतो. स्वतंत्र एजंटकडे दहा-पंधरा कंपन्या असतात आणि त्यातल्या तीन-चार खास माझ्यासारख्यांसाठीच असतात. त्यांना इथे 'नॉन-स्टँडर्ड' म्हणतात. साठीचे एक गृहस्थ, एका छोट्या व्यापारी संकुलात, केस कापण्याच्या दुकानाच्या शेजारी त्यांचं ऑफिस. मी ड्रायव्हिंग रेकॉर्ड, कोर्टाचा कागद, जुनी पॉलिसी, सगळं फाइलमध्ये लावून नेलं. ते म्हणाले, "लोक रेकॉर्ड लपवतात, तुम्ही घेऊन आलात, माझे दोन दिवस वाचले."

मी घाबरत विचारलं, मला एसआर-22 लागेल का? नेटवर सगळीकडे तेच वाचलं होतं. त्यांनी हसून समजावलं. एसआर-22 हा विमा नव्हेच. कंपनीने डीएमव्हीला पाठवायचा तो दाखला आहे, की या माणसाकडे विमा आहे आणि तो तुटला तर आम्ही कळवू. व्हर्जिनियात विम्याशिवाय गाडी चालवताना सापडणाऱ्यांकडून तो मागतात. दारू पिऊन चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना एफआर-44 लागतो, आणि त्यात लायबिलिटीची, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या भरपाईची, मर्यादा राज्याच्या किमान आकड्याच्या दुप्पट घ्यावी लागते, तीन वर्षं. माझ्यासारख्या नुसत्या वेगाच्या रेकलेसला यातलं काहीच नको. डीएमव्हीने वेगळं पत्र पाठवलं नसेल तर स्वतःहून 'एसआर-22 हवा' म्हणत फिरू नका.

मग त्यांनी बजावलं ते मात्र मी कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलं: 20 मार्च. जुना विमा संपण्याच्या क्षणी नवा सुरू झाला पाहिजे. विमा कंपन्या डीएमव्हीला पॉलिसी रद्द झाल्याचं कळवतात. नंबरप्लेट चालू आणि विमा नाही असं सापडलं की 600 डॉलर आणि वर तीन वर्षं तो एसआर-22, म्हणजे जे टळलं तेच ओढवून घ्यायचं. हप्ता परवडत नसेल तर आधी प्लेट डीएमव्हीत जमा करा, मग विमा बंद करा. क्रम उलटा झाला की संपलं. त्या काळी व्हर्जिनियात 500 डॉलर भरून विम्याशिवायही गाडी रस्त्यावर आणता यायची. त्यात विमा मिळत नव्हता, नुसती परवानगी. ती सोय 1 जुलै 2024 पासून बंद झाली. एका परिचिताने मला तेच सुचवलं होतं. चांगलं झालं, ऐकलं नाही.

आठ दिवसांनी आकडे आले: 2,310, 1,984 आणि 1,846. तिसरा घेतला. 20 टक्के आधी, म्हणजे 369, बाकीचे पाच हप्ते, प्रत्येक हप्त्यावर सहा डॉलर वरखर्च. 738 वरून 1,846. आणि हा आकडा खाली आणण्यासाठी आम्ही कात्री लावल्यानंतरचा. 2011 च्या कोरोलाचं कोलिजन, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीच्या झालेल्या नुकसानीचा विमा, काढून टाकलं, कारण गाडीची किंमत आणि तिचा हप्ता यांचा मेळच बसत नव्हता. दुसऱ्या गाडीचा डिडक्टिबल, म्हणजे क्लेमच्या वेळी आधी आपण भरायची रक्कम, 500 वरून 1,000 केला. मला लायबिलिटीही किमान मर्यादेवर आणायची होती. त्या जानेवारीपासून ती 30/60/20 झाली होती: एका माणसाच्या इजेला 30 हजार, एका अपघाताला 60 हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला 20 हजार. एजंटनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला वेगाने जायची सवय आहे हे कागदावर आलंय. आज बाहेर उभ्या असलेल्या बहुतेक नव्या गाड्या 20 हजारात येत नाहीत. इथे वाचवू नका." आम्ही 100/300/50 च ठेवलं. पुढे 1 जानेवारी 2025 पासून राज्याचीच किमान मर्यादा 50/100/25 झाली.

यानंतरचा काळ कंटाळवाणा आहे, आणि तो कंटाळवाणाच असायला हवा. हप्ते बँकेतून आपोआप जातील असं लावलं, कारण नॉन-स्टँडर्ड कंपनी उशीर खपवून घेत नाही. पैसे चुकले तर नोटीस 45 दिवसांची नसते, 15 दिवसांची असते. सप्टेंबर 2022 ला 1,794. मार्च 2023 ला 1,702.

इथे मला एक गोष्ट फार उशिरा कळली. डीएमव्हीचे पॉइंट आणि विम्याचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. डीएमव्हीने मार्चच्या तिकिटाचे उणे 4 आणि रेकलेसचे उणे 6 धरले होते. बारा महिन्यांत 12 झाले असते तर क्लिनिक सक्तीचा झाला असता. स्वखुशीने केलेल्या क्लिनिकचे अधिक 5 मिळाले. मी खूश, की निम्मं धुतलं गेलं. विमा कंपनीला त्याचं काही नाही. ते पॉइंट बघत नाहीत, गुन्हा बघतात आणि स्वतःच्या कोष्टकात मांडतात. डीएमव्हीच्या रेकॉर्डवर रेकलेस 11 वर्षं राहतो, माझा 2032 पर्यंत राहील. पण मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेक कंपन्या मागची तीन वर्षं बघत होत्या, एक पाच बघत होती. तीन वर्षं कुठून? तिकिटाच्या दिवसापासून नाही, दोषी ठरल्याच्या दिवसापासून. म्हणजे माझी तारीख 17 ऑक्टोबर नव्हती, 14 डिसेंबर 2024 होती. आणि रिन्यूअल सप्टेंबरमध्ये असल्यामुळे तीन महिन्यांच्या फरकाने एक आख्खी सहामाही जास्त मोजावी लागणार होती.

सप्टेंबर 2023 मध्ये एजंटनीच कंपनी बदलून दिली, 1,468. विम्यात खंड नाही, नवं तिकीट नाही, एवढ्यावर दुसरी कंपनी तयार झाली. या कंपनीत फोनमधल्या ॲपने ब्रेक कसे मारता, किती वाजता चालवता हे मोजून सूट मिळत होती. तीन महिने ते लावलं. रात्री अकरानंतर विमानतळावर पाहुण्यांना आणायला गेलो की त्याचे गुण कापले जायचे, आणि भारताहून येणारी विमानं आपल्या सोयीने थोडीच उतरतात? पाच टक्के मिळाले. मार्च 2024 ला हप्ता उलट वाढला, 1,530. मी तावातावाने फोन केला. कारण माझं नव्हतं, त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले होते. एप्रिल 2024 मध्ये आधीच्या साध्या तिकिटाला तीन वर्षं झाली आणि सप्टेंबरला 1,310 आले.

बायकोने एकदा सगळं वहीत मांडलं. सहा सहामाह्यांचे मिळून 9,650. जुन्या दराने 4,428 झाले असते. फरक 5,222. त्यात महागाईचा वाटा आहे, सगळं खापर माझ्या उजव्या पायावर फोडता येणार नाही. वकील, दंड, तपासणी, क्लिनिक यांचे 1,272 वेगळे. तिने बेरजेखाली रेघ मारली आणि पान उलटून पुढे वाणसामानाचा हिशेब लिहिला.

जानेवारी 2025 मध्ये मी एजंटना स्वतःहून फोन केला. रिन्यूअलची वाट बघू नका, तारीख उलटली की दोन महिने आधीच कोट मागवा, कारण जुनी कंपनी आपणहून तुम्हाला स्वस्त कप्प्यात टाकेलच असं नाही. माझ्या कंपनीने टाकलं नव्हतं, तिने पुन्हा 1,298 च पाठवले होते. एजंटनी नवं रेकॉर्ड काढायला सांगितलं, ते पाहिलं आणि एका नेहमीच्या, स्टँडर्ड कंपनीकडे पाठवलं. चौथ्या दिवशी ईमेल आला: 1,024, दोन गाड्या, 100/300/50, 20 मार्चपासून. सोबत एक ओळ, "तुमच्या फायलीवरचं पिवळं स्टिकर काढलं."

या वर्षी दसऱ्याला हार बांधताना मुलीने विचारलं, पुढे बांधायचा की मागे. मी म्हटलं, पुढेच. आय-81 वर आताशा क्रूझ कंट्रोल 68 वर लावतो. मागून ट्रक दिवे मारतात, मी उजव्या लेनमध्ये जातो.